तिच्या हातचा आकडा

“काकूनं धरला ना, का वाढलाच आकडा. मी तर कंटाळली बाप्पा.” सुकेशनी मॅडम बेसिनवर हात धूत म्हणाली. नळ जोरात सोडलेला होता म्हणून आवाजही जरा चढाच होता, आणि खोलीत आपण आणि निता मॅडम दोघीच आहोत असं तिला वाटत होतं. ज्योत्स्ना पिंजऱ्यांच्या मांडणीमागे फरशीवर उकिडवी बसून ओला भुसा खरवडत होती. मॅडमच्या पांढऱ्या सँडली तिच्या नाकापासून वीतभर लांब होत्या. “तोच उंदीर, तीच मशीन. मी घेतलं तर एक येते, काकूनं घेतलं तर भलतंच. सर म्हणतात तुझ्या पाल्यात दम नाही. पाल्यात दम आहे हो, काकूचा हात दिसू देत नाही.” निता मॅडम हसली. “मग सांग ना तिले.” “तू सांग. माझ्यानं नाही होत. एवढ्या मायेनं करते बिचारी.” नळ बंद झाला. सँडली निघून गेल्या.

ज्योत्स्ना तशीच बसून राहिली. बिचारी हा शब्द तिला नवा नव्हता. लग्नानंतर कितीतरी वर्षं तिचं नावच ते होतं. मळ्यावर भाजी निवडायला येणाऱ्या बाया, विहिरीवरच्या बाया, सगळ्या तिला त्याच नावानं ओळखत. पण तेव्हा तिच्यावर कोणीतरी काहीतरी करत होतं म्हणून ती बिचारी होती. आता ती कोणावर तरी काहीतरी करत होती आणि तरीही बिचारीच, हे काही तिला जमवता येईना. तिनं भुसा पोत्यात भरला. आजारी उंदरांच्या भुशाला एक आंबूस वास असतो, आणि तो भुसा जड असतो, पिळला तर पाणी निघेल असा. वाशीमच्या बाहेर, माळावर बांधलेल्या या औषधाच्या कॉलेजात ती लागली तेव्हा हा वासच तिला आधी समजला होता. पोटात एक सुई दिली की चांगला गुबगुबीत पांढरा उंदीर चार-सहा दिवसांत पाण्याच्या बाटलीला लोंबकळायला लागतो, बाटली रिकामी करतो, पिंजरा ओला करतो, आणि खाऊन खाऊनही वाळत जातो. हा त्यांचा मधुमेह. मग एका ओळीतल्या उंदरांना सीताफळाच्या पाल्याचा अर्क पाजायचा, दुसऱ्या ओळीला दुकानातली गोळी कुटून द्यायची, आणि तिसऱ्या ओळीला काहीच द्यायचं नाही. सगळ्यांच्या शेपटीतून थेंब काढून साखर बघायची. “याहिले काहून काहीच नाही देत?” तिनं सुरुवातीला विचारलं होतं. “तुलनेसाठी, काकू,” मॅडम म्हणाली होती. ज्योत्स्नाला ते लगेच पटलं. तिच्या सासरीही एक जाऊ तुलनेसाठी ठेवलेली होती.

तिचं काम खरं तर भुसा, पाणी आणि दाणा एवढंच. पण एकदा एक उंदीर सुकेशनी मॅडमच्या अंगठ्याला कडकडून चावला, मॅडम ओरडली, उंदीर टेबलावरून पळाला, आणि ज्योत्स्नानं त्याला ओच्यात धरून सहज हातात घेतला. उंदीर गप. डोळे मिटून नाही, उघडे ठेवून गप. मॅडमनं तेवढ्यात शेपटीला सुई लावली, थेंब पट्टीवर घेतला, आणि म्हणाली, “काकू, तुमच्या हाताले गुण आहे.” त्या दिवसापासून धरायचं काम तिचं झालं, मग टोचायचंही झालं. शेपूट कोमट पाण्यात बुडवायची, पुसायची, टोकाला टोचायचं, पहिला थेंब सोडून द्यायचा. ती हे सगळं शिकली, कोणी शिकवलं असं नाही, बघून बघून. आणि आजवर तिला एकही उंदीर चावला नव्हता. घरी, ऑटोत, हळदीकुंकवाला, जिथं विषय निघेल तिथं ती हे सांगायची. “मुक्या जीवाले हात कळते,” असं म्हणायची आणि हात जरा पुढे करून दाखवायची, जसं काही हातावर ते लिहिलेलं होतं.

घरीही तसलीच मशीन होती. डबी उघडली की आतून त्याच पट्ट्या, तसलाच टोचायचा पेन. रोज सकाळी मळ्यातल्या घराच्या पडवीत, बाजेवर बसलेल्या नवऱ्यासमोर, रंगरावसमोर, ती उभी राहायची. “हात द्या जी.” तो हात द्यायचा. एवढा मोठा हात, कोबीचा गड्डा मावायचा त्यात, आणि तो हात तो असा पुढे करायचा जसा शाळेतला पोरगा छडी खायला करतो. आधी ती हात धुवून घ्यायची, मग जुन्या लुगड्याच्या फडक्यानं एकेक बोट पुसायची, मग मशीन शोधायची, मग पट्टी. हात तोवर पुढेच. सून उज्ज्वला चुलीपुढून हे बघायची आणि पुन्हा चुलीकडे वळायची. बोटाच्या कडेला टोचायचं, तिथं दुखत नाही, हे ज्योत्स्नाला माहीत होतं. उज्ज्वलालाही तिनंच ते शिकवलं होतं. नवऱ्याच्या बोटाला मात्र ती बरोबर मधोमध टोचायची. मधून रक्त बरं येते, असं तिनं स्वतःला सांगून ठेवलं होतं. आणि सुई बोथट होईपर्यंत बदलायची नाही. उंदरांना दर वेळी नवी सुई, तसा कॉलेजचा नियम होता. रंगरावला नियम नव्हता.

मग आकडा. आकडा ती मोठ्यानं वाचायची, पार विहिरीपर्यंत ऐकू जाईल असा. अडीचशे. दोनशे सत्तर. आणि वाचून झाला की त्याच्या ताटातली भाकर मोडून अर्धी उचलायची. एकदा जानराव, तिचा दीर, इंझोरीहून भेटायला आला होता. पुरणपोळी केली होती. रंगरावनं कोणाचं लक्ष नाही बघून एक घास तोंडाकडे नेला. तिनं तो तोंडाजवळून काढून घेतला. हसत हसत काढला, आणि उठून अंगणातल्या वासराला चारला. सगळे हसले. जानराव म्हणाला, “वयनी, तुमी हाये म्हनून दादा हाये.” रंगरावही हसला, सगळ्यांचं हसून झाल्यावर, शेवटी. त्या रात्री तिला छान झोप लागली. का लागली हे तिनं विचारलं नाही; चांगल्या झोपेला कोणी कारण विचारत नाही.

आणि दवाखान्यात डॉक्टर तिची पाठ थोपटायचा. इतकं नियमित कोणी बघत नाही बाई, म्हणायचा. सकाळचे आकडे ऐकून मान हलवायचा आणि इन्सुलिन वाढवायचा. आकडे वाढले म्हणून डॉक्टर सुई वाढवायचा, आकडे वाढले म्हणून ती भाकर कमी करायची. मार्गशीर्षात, नुकतीच सुई वाढलेली असताना, काठी टेकत मळ्यात गेलेला रंगराव वांग्याच्या सरीत पडलेला सापडला. अंग घामानं निथळत, जीभ जड, डोळे भलतीकडे. मुलानं, पवननं, पिकअपमध्ये घालून नेलं, वाटेत कोणीतरी त्याच्या तोंडात उसाचा रस ओतला, आणि दवाखाना येईतो तो उठून बसला. घरी आल्यावर सगळे म्हणाले, ऊन लागलं. मार्गशीर्षात. सकाळी तोंडातून वाफ निघत होती आणि घरात चार माणसं एकमेकांना ऊन लागल्याचं सांगत होती. ज्योत्स्नानंही सांगितलं. आता पौष चालू होता, उद्या पुन्हा दवाखान्यात जायचं होतं, आणि डॉक्टरनं मागच्याच खेपेला सांगून ठेवलं होतं की सकाळचा आकडा उतरला नाही तर सुई आणखी वाढवावी लागेल. आज सकाळचा आकडा तिनं वाचला होता. उतरला नव्हता.

दोघी मॅडम चहाला गेल्या तसं तिनं मांडणीच्या पहिल्या ओळीतला एक उंदीर काढला. त्याच्या शेपटीवर जांभळ्या पेनानं रेघा होत्या. हातात आला तसा तो गप झाला. आजवर या गप होण्याचा तिला केवढा अभिमान होता. आता ती पहिल्यांदाच त्याच्याकडे बघत होती असं तिला वाटलं. अंगठ्याखाली फासळ्या, आणि फासळ्यांखाली काळीज. दोरा नसलेली शिलाई मशीन कोणी भरधाव सोडून द्यावी तसं. हे तिला आजवर लागत नव्हतं का? लागत होतं. रोज लागत होतं. जीव हाये, असं ती म्हणायची, आणि त्याला जीव असल्याचं तिला कौतुक वाटायचं. उंदराच्या मिशीचा एकही केस हलत नव्हता. पाय पोटाशी घट्ट. त्यानं तिच्या तळहातावर मुतून दिलं, तेवढंच गरम. तिनं टोचलं, थेंब पट्टीला लावला. साडेचारशेच्या वर. तेवढ्यात सुकेशनी आली, चहाचा कप तसाच हातात घेऊन, आणि दारात थांबली.

“मॅडम, हा तुमी धरा बरं.”

“आता? कशाला?”

“धरा तं. थोडा थांबून. बिस्किटं खाऊन धरा.”

सुकेशनीनं कप ठेवला. काही विचारलं नाही, याचाच अर्थ तिला समजलं होतं. ज्योत्स्नानं उंदीर पिंजऱ्यात सोडला, सुकेशनीनं सावकाश बिस्किटं खाल्ली; निता मॅडम डोकावून गेली. मग सुकेशनीनं पिंजऱ्यात हात घातला. उंदीर पळाला, कोपऱ्यात गेला, बाहीवर चढला, चींचीं करत त्यानं बोट हुंगलं, दात लावून बघितले. “ए, ए, बदमाश,” ती म्हणाली. तिनं त्याला अर्धवटच धरलं, तो अर्धा बाहेर लोंबत होता, पायानं तिचं मनगट ओरबाडत होता. पट्टीवर आकडा आला, मघापेक्षा शंभरानं कमी. सुकेशनीनं मशीन लगेच उलटी ठेवली.

“पायला मी,” ज्योत्स्ना म्हणाली.

“काकू, उद्यापासून ना, तुम्ही फक्त भुसा-पाणी बघा. तुमची कंबर दुखते ना वाकून.”

“माही कंबर? कवा दुखली?”

“नाही, म्हणजे दुखेल.” सुकेशनी लाल झाली. चांगली पोरगी होती. “सरांनी सांगितलं तसं. सगळं एकाच हातानं व्हायला पाहिजे म्हणे. तुमचं काही चुकलं नाही हो काकू.”

“नाही ना,” ज्योत्स्ना म्हणाली, “माहं काय चुकते.”

तिनं सुट्टी मागितली नाही, सुकेशनीनंच दिली. फाट्यावर ऑटो भरायची वाट बघत ती बसली, मागच्या सीटवर, कडेला. कोबीचं एक पोतं आणि दोन बाया आल्या, ऑटो निघाला. वारा थंड होता, तिनं पदर कानावरून घेतला, आणि तळहाताला अजून तो वास येत होता. चावतो तो उंदीर भीत नाही; गप होतो तो भितो, आणि भ्याला की त्याच्या रक्तातली साखर चढते. हे किती सोपं होतं. हे तिला कोणी शिकवायला नको होतं, अख्ख्या वाशीम तालुक्यात हे जिला आधी समजायला पाहिजे ती तीच होती. कारण असं गप तीही बसलेली होती. रंगराव मारकुटा नव्हता, असं सगळे म्हणत, आणि ते खरंच होतं. त्याला मारायची गरजच पडत नव्हती. पहाटे हौदाच्या पाण्यात पाय सोडून ती मेथीच्या जुड्या बांधायची, आणि तो एकेक जुडी उचलून हातात तोलायचा. सैल लागली की सोडायचा आणि ओली मेथी तिच्या तोंडावर फेकायचा. “बांध परत.” ओरडून नाही. ती तोंडावरची पानं न पुसता बांधायची, कारण पुसणं म्हणजे उत्तर देणं होतं. त्याची पावलं ओसरीवर वाजली की तिचं सगळं थांबायचं. पीठ मळणारा हात, तोंडातला घास, पवन पोटात होता तेव्हा पोटातला पवनसुद्धा थांबतो असं तिला वाटायचं. सासू सोजरबाई आल्या-गेल्याला सांगायची, “आमची सून लय गरीब हाये माय. आवाज म्हनून नाही तिले.” आणि लोकांना वाटायचं, किती समाधानी बाई. तिच्या छातीवर तेव्हा कोणी अंगठा ठेवला नव्हता. ठेवला असता तर त्यालाही वाटलं असतं, जीव आहे.

मग त्याच्या पायाला जखम झाली, ती चिघळली, अकोल्याला नेऊन पायाचा अंगठा काढला, आणि तो बाजेवर बसला तो बसलाच. पवननं मळा हातात घेतला. घरातला आवाज बंद झाला. पहिल्यांदा तर तिला ती शांतता ऐकूच येईना, कान दुखल्यासारखे वाटायचे. पुढं कॉलेजातून मशीन घ्यायची अक्कल आली. मशीन आली त्या सकाळी ती त्याला “हात द्या जी” म्हणाली, आणि त्यानं दिला. तेवढंच झालं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती काहीतरी म्हणाली आणि त्यानं ते केलं. तिनं सुई लावली, तो कळवळला, आणि तिच्या बेंबीपासून काहीतरी गरम वर चढत गेलं. माया, असं तिनं त्याला नाव दिलं. दुसरं कोणतं नाव तिच्याजवळ होतंच कुठं. ती खरंच त्याचं सगळं करत होती. त्याचा पाय धुवायची, जखम पुसायची, औषध लावायची, रात्री पायावर पांघरूण नीट आहे का ते दोनदा उठून बघायची. कोणी म्हटलं असतं की तुझी माया खोटी आहे तर ती त्याच्या अंगावर धावून गेली असती, आणि तिचं बरोबरच असतं. माया खरी होती. तिच्यात दुसरंही काही कालवलेलं होतं, इतकंच. आणि कालवलेलं निवडून वेगळं काढता येत नाही, गव्हातले खडे नाहीत ते.

शेजारणींबरोबर ती एकदा पोहरादेवीला गेली होती, दर्शनाला, तिथंच मुक्काम पडला. दोन सकाळी उज्ज्वलानं साखर बघितली. ज्योत्स्ना परत आली तेव्हा उज्ज्वला म्हणाली, “आत्याबाई, मामाजीची साखर लय कमी आली.” म्हणाली आणि पीठ चाळू लागली. “पट्ट्याहिले हवा लागली असंन,” ज्योत्स्ना म्हणाली. सगळी डबी तिनं उकिरड्यावर टाकली, नवी आणली, आणि दुसऱ्या सकाळी नव्या पट्टीवर साखर जागच्या जागी आली. “पाय ना,” म्हणत तिनं उज्ज्वलाला आकडा दाखवला होता. उज्ज्वलानं बघितलं होतं. मशीनकडे नाही, सासऱ्याच्या तोंडाकडे.

मळ्याच्या फाटकापाशी ऑटोतून उतरली तेव्हा दुपार कलली नव्हती. एवढ्या लवकर ती कधीच येत नसे. तुराट्यांच्या कुडाआड आली तसा तिला आवाज आला, आणि तिचे पाय थांबले. जुन्या सवयीनं थांबले. रंगरावचा आवाज होता, भरदार, विहिरीत घुमावा तसा. कितीतरी दिवसांनी.

“चहा हाये का तांदळाचं धुवन हाये व हे?”

“धुवनच हाये मामाजी. प्या गुमान,” उज्ज्वला म्हणत होती, हसत होती.

“तुह्या बापाच्या घरी पेतेत असा?”

“माह्या बापाच्या घरी म्हशी हायेत. अठी तुमी हाये.”

“कारटी! पवनले सांगतो थांब, माहेरी धाडून दे म्हनतो हिले.”

“सांगा, सांगा. जेवून घ्या पयले. थे भाकर काहून ठेवली?”

“अर्धीच खातो. तुही सासू आली तं...” पुढचं नीट ऐकू आलं नाही. भांडं वाजलं. उज्ज्वला टोपलं घेऊन पालकाच्या वाफ्यांकडे गेली, तिच्या बांगड्या लांब जाताना ऐकू आल्या. ज्योत्स्ना कुडाला टेकून उभी. तिच्या नवऱ्याला आवाज होता. तो भांडत होता, नखरे करत होता, सुनेच्या अंगावर धावून जात होता आणि सून त्याला हसत होती. हे सगळं रोज होत असणार, ती कॉलेजात गेल्यावर, ती यायच्या आधी. घर तिच्या येण्या-जाण्यानं उघडत-मिटत होतं, आणि तिला वाटत होतं ते मिटलेलं घर म्हणजेच घर. तुराट्यांच्या फटीतून ऊन तिच्या हातावर पट्ट्यापट्ट्यांनी पडलं होतं. मत्सर वाटला तिला. पहिल्यांदा तेच वाटलं, आणि तेही सुनेचा.

किती वेळ उभी राहिली कोण जाणे. पलीकडून मधेमधे पुटपुट येत होती, तो स्वतःशी बोलत असावा, मग शब्द सैल झाले, मग नुसताच घशातला आवाज. मग काहीच नाही. ती कुडाबाहेर आली.

रंगराव बाजेच्या कडेला बसला होता. सदरा पाठीला चिकटला होता, कपाळावरून घाम हनुवटीवर येऊन थेंबथेंब मांडीवर पडत होता, आणि गुडघे थडथड उडत होते. बाजूच्या स्टुलावर शेजारच्या सीताबाईनं संक्रांतीचे म्हणून आणून दिलेले तिळाचे लाडू होते, ताटलीत, फडक्यानं अर्धे झाकलेले. त्याचा हात त्या ताटलीकडे निघालेला होता. थरथरत, लाडवापासून बोटभर अंतरावर. त्यानं मान वर केली आणि तिला बघितलं, आणि हात मागे घेतला. पोटाशी घेतला, दुसऱ्या हातानं धरून ठेवला. आणि गप झाला. मिशीचा केस हलत नव्हता.

साखर उतरली हे तिला एका नजरेत समजलं. आता काय करायचं हे समजायलाही तिला कोणी डॉक्टर नको होता. एक लाडू, बस. ती जागची हलली नाही. बघत राहिली. हे नंतर तिला कोणालाही सांगता आलं नसतं, ती घाबरली होती, हातपाय गळाले होते असंच तिनं सांगितलं असतं, आणि ते खोटं होतं. तिचे हातपाय चांगले धड होते. तिला फक्त बघायचं होतं तो काय करतो ते. लाडू त्याच्या हाताशी होते. मरण त्याच्या हाताशी होतं. मधे फक्त ती उभी होती, चार पावलांवर, रिकाम्या हातांनी, ना काठी ना सुई. त्याची बुबुळं हलली, लाडवांकडे गेली, तिच्याकडे आली. ओठ एकमेकांना चिकटले होते, ते त्यानं मोठ्या मेहनतीनं सोडवले.

“खाऊ?” रंगराव म्हणाला.

तेव्हा ती धावली. लाडू फोडला, त्याच्या तोंडात कोंबला, तोंड उघडेना तेव्हा गालात बोट घालून उघडलं, “चावा जी, चावा, गिळा,” तिचा आवाज तिलाच ओळखू येईना, “उज्ज्वले! अवं उज्ज्वले!” दुसरा लाडू, पाणी, पुन्हा लाडू. तीळ त्याच्या मिशीत, तिच्या बांगड्यांत, बाजेच्या नवारीत. उज्ज्वला चिखलाच्या पायांनी धावत आली, आतून मशीन घेऊन आली, सासऱ्याचं बोट धरून कडेला टोचलं. आकडा बघून तिनं मशीन सासूपुढे धरली. पन्नासच्याही खाली होता.

रंगरावच्या गुडघ्यांची थडथड हळूहळू कमी झाली. उज्ज्वलानं पदरानं त्याचं तोंड पुसलं. विहिरीवरची मोटर चालू होती, पालकाच्या वाफ्यात पाणी फुटून वाटेवर आलं होतं आणि कोणी उठून बंद करत नव्हतं.

“ऊन लागलं वाट्टे,” उज्ज्वला म्हणाली. कोणाकडे न बघता.

“ऊन नाही लागलं,” ज्योत्स्ना म्हणाली. “मी पोहरादेवीले गेलती, तवा किती आलती थे साखर? खरं सांग.”

उज्ज्वलानं सासऱ्याकडे बघितलं, मग पायावरच्या चिखलाकडे. “दीडशेच्या आतच होती. दोन्ही दिवशी. पट्ट्या चांगल्या होत्या आत्याबाई.”

“मंग बोलली काहून नाही?”

“बोलली होती ना.” उज्ज्वलाचा आवाज बारीक झाला. “तुमी डबी फेकून देल्ली.”

“मंग परत सांगाचं होतं! उद्या डॉक्टरनं अजून सुई वाढवली असती, मेले असते हे, समजते का तुले? मेले असते! घरात एवढे मानसं, एकानं तं म्हनाचं होतं मले. तू नाही, पवन नाही...” ती रंगरावकडे वळली. तो बाजेवर टेकून बसला होता, तोंडावर परत रंग येत होता, डोळे आता ठिकाणावर आले होते आणि ते तिच्याकडेच लागले होते. “अन् तुमी! लाडू समोर होते, हात होते, तोंड होतं. खाल्ले काहून नाही जी? सकाळी सकाळी नुसता हात पुढे करता, एक शब्द नाही बोलत. भांडता येते ना तुमाले? आता ऐकलं मी. हिच्यासंगं भांडता. मंग मले काहून नाही म्हनत का बाई, तुह्या हातानं नोको?”

“भेवाच्यानं,” रंगराव म्हणाला.

उज्ज्वलानं मान खाली घातली. ज्योत्स्नाला हसू आलं, खरंच आलं, असं वेळीअवेळी येतं तसं. “मले भेता? तुमी?”

“भेतो ना.” त्यानं जिभेनं ओठावरचा तीळ काढला, सावकाश चावला. आवाज मोठा नव्हता, पण तो थरथरतही नव्हता. “भेतो मी तुले. थे तुले मालूम हाये पयल्या दिवसापासून. अन् मले भेलेलं पाहून तुले बरं वाटते, पवनची माय. मले जसं वाटे.”